स्वभावपरिपोष कीं मूर्तिपूजा ?

आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मयमंडळांत गेल्या पावसाळ्यांत एका विद्यार्थ्यानें निबंध वाचला. विषय असा होता कीं, फलकावर तो वाचूनच आमचे दोन ज्येष्ठ सहकारी सभेला आले नाहींत. एका अमेरिकन चित्रमालिकेवरून तिच्या चाहत्यांनीं एक खेळ रचला—संगणकावर खेळावयाचा, ज्याला आतां सर्वत्र व्हिडिओ गेम म्हणतात तसा. आणि मूळ मालिकेपेक्षां ह्या खेळांत पात्रांचा स्वभावपरिपोष अधिक खोल व अधिक खरा झाला आहे, असें निबंधकाराचें प्रतिपादन होतें. मालिका धंदेवाल्यांची, खेळ प्रेमिकांचा. धंदेवाल्यांनीं पात्रें विकलीं, प्रेमिकांनीं तीं जपलीं. आणि जो जपतो तोच जाणतो, असा एकंदर युक्तिवादाचा ओघ. टाळ्या पुष्कळ पडल्या. अध्यक्षस्थानीं मी होतों, आणि अध्यक्षाला शोभेल असें कांहीं तरी गुळमुळीत बोलून मीं वेळ मारून नेली. तो गुळमुळीतपणा मला तेव्हांपासून टोचतो आहे. निबंधांतील सिद्धांत मला चुकीचा वाटतो. नुसता चुकीचा नव्हे, वाचनाच्या संवयीला घातक वाटतो. आणि तो एका विद्यार्थ्याचा न राहतां एका सबंध पिढीचा होऊं पाहत असल्यामुळें त्याचें खंडन उघडपणें करणें मला भाग आहे.

प्रथम जे सभेला आलेच नाहींत त्यांच्याविषयीं. त्यांचें म्हणणें मी शिक्षकांच्या खोलींत तीस वर्षें ऐकत आलों आहें. परक्याच्या पात्रांवर उभारलेली कृति ही उष्टी पत्रावळ, आणि तिच्यांत स्वभावपरिपोष शोधणें ही वांझोटी खटपट! असें म्हणणाऱ्यांनीं आदिपर्वांतील शकुंतलेचें आख्यान पुन्हां एकदां उघडून पाहावें. तेथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो, ओळखूनहि भर सभेंत नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर लोकांच्या संशयाच्या भयानें आपण तसें केलें म्हणून सांगतो. कालिदासानें हीं उष्टीं पात्रें उचललीं, मध्यें दुर्वासाचा शाप आणि अंगठी घातली, आणि पुढें काय झालें तें सांगावयास नको. तेव्हां उसनेपणाचा आक्षेप येथेंच निकालांत काढूं.

पण कालिदासाचें उदाहरण दुसऱ्याहि बाजूनें बोलतें, हें टाळ्या वाजविणारांनीं विसरूं नये. शापाच्या योगानें दुष्यंत निर्दोष झाला; महाभारतांतला तो भ्याड, हिशेबी आणि म्हणूनच फार खरा राजा नाहींसा झाला. नायकावर प्रेम बसलें कीं त्याच्या अपराधासाठीं कोठून तरी शाप शोधून आणावासा वाटतो. कालिदासाचें थोरपण हें कीं, शापाची सवलत दिल्यावरहि सहाव्या अंकांतल्या पश्चात्तापांतून त्यानें दुष्यंताला सोडलें नाहीं. अपराध काढून घेतला, पण वेदना ठेवली. सगळ्याच भक्तांना हें साधत नाहीं, आणि माझा मुख्य मुद्दा तोच आहे.

आतां प्रस्तुत मालिका. तिचें नांव ‘माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक’. हॅस्ब्रो ही खेळणीं करणारी अमेरिकन कंपनी. तिचीं रंगीबेरंगी तट्टें १९८३ पासून बाजारांत आहेत, आणि त्यांच्या खपाला हातभार म्हणून तिनें वेळोवेळीं चित्रमालिका काढविल्या. १० ऑक्टोबर २०१० रोजीं सुरू झालेली ही मालिका लॉरेन फाउस्ट ह्या बाईंनीं घडविली, आणि ती नऊ हंगाम व दोनशेंहून अधिक भाग चालून १२ ऑक्टोबर २०१९ रोजीं संपली. लहान मुलींसाठीं काढलेल्या ह्या मालिकेवर विशी-पंचविशीचे पुरुष लुब्ध झाले आणि स्वतःला ‘ब्रोनी’ म्हणवूं लागले, ही गोष्ट त्या वेळीं पुष्कळांना हास्यास्पद वाटली. मला वाटत नाहीं. मींहि ती मालिका पाहिली आहे. सगळी नव्हे, पण दोन सुट्यांत मिळून निम्मीहून अधिक. कांहीं भाग बहिणीच्या नातीला मांडीवर घेऊन, आणि कांहीं, कबूल करावयास लाज कशाला, ती निजल्यावर.

ह्या तट्टांच्या राज्यांत प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर एक चिन्ह असतें. तें जन्मतः नसतें. आपला खास गुण ज्या दिवशीं सांपडतो त्या दिवशीं उमटतें. कोणाला सफरचंदें, कोणाला फुलपांखरें, कोणाला फुगे. मी त्याला गुणचिन्ह म्हणतों. पात्र म्हणजे त्याचें गुणचिन्ह, एवढेंच जर मालिकेला म्हणावयाचें असतें, तर ती दुकानाच्या पाटीपलीकडे गेली नसती. कित्येक भागांत ती खरोखरच पाटीपलीकडे जात नाहीं. पण जेथें जाते तेथें कशी जाते, हें बारकाईनें पाहण्यासारखें आहे.

ट्वायलाइट स्पार्कल ही पुस्तकांत बुडालेली शृंगधारी घोडी. राजकन्या सेलेस्टिया ही तिची गुरु आणि राज्याची स्वामिनीहि. गुरूनें तिला मैत्री शिकण्यासाठीं एका खेडेगांवांत पाठविलें आहे, आणि मैत्रीविषयीं जें शिकली तें पत्रानें कळविण्याचा तिचा नेम आहे. दुसऱ्या हंगामांत, ऑक्टोबर २०११ मध्यें, ‘लेसन झीरो’ नांवाचा एक भाग आला. आठवडा संपत आला आहे, सूर्यास्ताला पत्र जावयास हवें, आणि लिहावयाला धडाच नाहीं! गांवांत कोणाचें कोणाशीं भांडण नाहीं, कोणी रुसलेलें नाहीं. मैत्रिणी तिच्या काळजीला हंसतात. गुरु आपल्याला पुन्हां बालवर्गांत बसवील, ह्या भीतीनें ती हळूहळू वेडीपिशी होते. आणि अखेर, भांडण मिळत नाहीं तर आपणच लावावें म्हणून, स्वतःच्या जुन्या बाहुलीवर अशी मोहिनी घालते कीं, पाहील त्याला ती हवीशी वाटावी. सगळा गांव त्या फाटक्या बाहुलीसाठीं एकमेकांच्या उरावर बसतो. गुरूला स्वतः येऊन मंत्र उतरवावा लागतो.

येथें काय झालें ? ट्वायलाइटचा गुण म्हणजे नेमलेलें काम चोख करणें. त्या गुणाला बाहेरून कोणी दुष्टानें धक्का दिला नाहीं. तो गुणच वाढतां वाढतां अवगुण झाला, आणि तोहि तिच्या हातून. पहिल्या वर्गांत येणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांत परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत ती बाहुली मीं अनेकदां पाहिली आहे. शिवाय गोष्ट तेथें थांबत नाहीं. मैत्रिणी येऊन आपल्या हंसण्याचा दोष पदरीं घेतात, आणि पत्रें लिहिण्याचें काम एकटीचें न राहतां सहाजणींचें होतें. म्हणजे त्या दिवसानंतर ट्वायलाइट तीच राहिली नाहीं, आणि तिच्या भोंवतालचें जगहि तेंच राहिलें नाहीं. स्वभावपरिपोष ह्या शब्दाचा मला कळतो तो अर्थ हा. गुणांची यादी वाढविणें म्हणजे परिपोष नव्हे. पात्रानें कांहीं तरी करावें, त्याची किंमत त्याला द्यावी लागावी, आणि दिलेली किंमत पुढच्या प्रसंगांत आठवणींत राहावी.

दुसरें उदाहरण फ्लटरशायचें. आणि भांडणाचें मूळहि तेंच, कारण निबंधकाराची ती आराध्यदेवता आहे. फ्लटरशाय भित्री, हळव्या आवाजाची. पशुपक्षी हेंच तिचें गोत. मार्च २०१२ मधील ‘पुटिंग युअर हूफ डाउन’ ह्या भागांत ती सगळ्यांपुढें इतकी नमते कीं बाजारांत कोणीहि तिला ढकलून पुढें जावें. आयर्न विल नांवाचा एक बैलतोंड्या व्याख्याता गांवांत येतो. धीटपणा शिकवितो, यमकें जुळवून. फ्लटरशाय शिकते, आणि थोड्याच वेळांत ती अशी गुरगुरूं लागते कीं समजूत घालावयास आलेल्या दोन जिवलग मैत्रिणींना, पिंकी पाय आणि रॅरिटी ह्यांना, त्यांच्या अगदीं जिव्हाळ्याच्या गोष्टींवरून टोंचून रडवून परत पाठविते. मग स्वतःचीच भीति वाटून दार लावून घरांत बसते. शेवटीं तो व्याख्याता शुल्क मागावयास दारांत येतो. समाधान न झाल्यास पैसे नकोत, असा त्याचाच करार. फ्लटरशाय आवाज न चढवितां सांगते कीं माझें समाधान झालेलें नाहीं, म्हणून मी पैसे देणार नाहीं. आणि तो धिप्पाड गृहस्थ काढता पाय घेतो.

पहिली फ्लटरशाय, दुसरी फ्लटरशाय, आणि दारांत उभी असलेली ही तिसरी! तिसरी पहिलीपासून सरळ निघालीच नसती. मध्यें दुसरी, ती मैत्रिणींना रडविणारी, होऊन जावी लागली. आणि ह्याच भागाविषयीं आमचा निबंधकार म्हणाला कीं, ही खरी फ्लटरशाय नव्हे. येथें मालिकेच्या लेखकांनीं पात्राशीं बेइमानी केली. चाहत्यांच्या खेळांत तिचें खरें स्वरूप सुरक्षित राहिलें असतें. तें वाक्य ऐकलें आणि मी खुर्चींत सावरून बसलों. सुरक्षित! जणुं पात्र म्हणजे बँकेंतली ठेव.

आतां त्या खेळाकडे वळतों. ‘मेन सिक्स’ हें नांव घेतलेल्या कांहीं हौशी मंडळींनीं २०११ मध्यें तो करावयास घेतला. नांव ठेवलें ‘फाइटिंग इज मॅजिक’. खेळ हाणामारीचा. दोन पात्रें समोरासमोर, वर प्रत्येकाच्या बळाची पट्टी; ज्याची पट्टी आधीं रिकामी झाली तो हरला. पहिल्यानें घ्यावयाचीं पात्रें म्हणजे मालिकेंतल्या सहा मैत्रिणीच. हें काम त्यांनीं विक्रीसाठीं केलें नव्हतें, आणि कारागिरी अशी कीं पाहून मी थक्क झालों. मालिकेंतली एकेक लकब हातानें चित्रें काढून उतरविली होती. ट्वायलाइट मंत्रानें गुप्त होऊन शत्रूच्या पाठीमागें प्रकट होते, अ‍ॅपलजॅक फांस टाकते आणि मागच्या टापांनीं उडविते, पिंकी पाय मेजवानीची तोफ डागते. प्रत्येकीचा गुण हेंच तिचें शस्त्र. खेळ माझ्या हातून धड झाला नाहीं. निबंधकारानें मला शिकविण्याची शिकस्त केली, पण पन्नाशीनंतर बोटें ऐकत नाहींत, आणि त्याच्या ट्वायलाइटनें माझ्या अ‍ॅपलजॅकला सलग अकरा वेळां लोळविलें.

बाराव्या वेळीं मला उमगलें. अकरा वेळां लोळलेली अ‍ॅपलजॅक बाराव्या वेळीं जशीच्या तशी उभी होती. पट्टी भरलेली, चेहरा ताजा. आपल्या जिवलग मैत्रिणीनें आपल्याला अकरा वेळां मारलें ह्याची तिला दाद ना फिर्याद. जुन्या संगीत नाटकांतले ‘वन्स मोअर’ ज्यांनीं ऐकले आहेत त्यांना हें नवें वाटणार नाहीं. शोकानें व्याकुळ झालेली नायिका टाळ्या पडल्या कीं अश्रु तसेच ठेवून प्रेक्षकांकडे वळे आणि तेंच पद पहिल्यापासून म्हणे. प्रेक्षकांचें तिच्यावर प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल ? फार होतें. पण त्या प्रेमानें तिचा शोक पुढें सरकूं दिला नाहीं. ह्या खेळांत सगळाच ‘वन्स मोअर’ आहे. लकबी आहेत, गुणचिन्हें आहेत, आवडत्या जागा आहेत. दिवस मात्र एकहि उजाडत नाहीं.

ह्यावर निबंधकाराच्या एका मित्रानें मला अडविलें: सर, हाणामारीच्या खेळाकडून कादंबरीची अपेक्षा कां करतां ? मी करीत नाहीं. तो सुंदर खेळ आहे म्हणा, मी मान हलवीन. त्यांत मालिकेहून अधिक स्वभावपरिपोष आहे असें म्हणूं लागलांत, तर वजनमापें काढावींच लागतील.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. खेळांत पात्र आपल्या हातानें चालतें. म्हणून पात्राची कृति ही आपली कृति होते, आणि जें प्रेक्षकाला नुसतें दिसतें तें खेळणाराला भोगावें लागतें. हें मला पूर्ण मान्य आहे. खेळ ह्या प्रकारांत नाटक-कादंबरीला अप्राप्य असें एक सामर्थ्य आहे, तें हेंच. २०१५ मध्यें टोबी फॉक्स ह्या अमेरिकन तरुणानें ‘अंडरटेल’ नांवाचा खेळ काढला. त्यांत आरंभींच आपला सांभाळ करणारी एक प्रेमळ पालनकर्ती आपल्या हातून मारली जाऊं शकते. आणि पश्चात्ताप होऊन आपण मागें जाऊन तिला वांचविलें, तरी पुढें एक फूल आपल्याला कुत्सितपणें सुनावतें कीं तूं काय केलें होतेंस तें मला ठाऊक आहे. पट्टी पुन्हां भरते, पण आठवण पुसली जात नाहीं! तेव्हां दोष खेळ ह्या माध्यमाचा नाहीं. माध्यमाजवळ साधन असूनहि चाहत्यांनीं तें वापरलें नाहीं, कारण वापरण्याची त्यांची छातीच झाली नाहीं. ज्याच्यावर जीव जडला आहे त्याच्या हातून पाप घडवावयाचें, आणि तेंहि आपल्या बोटानें ? भक्त मूर्तीला स्नान घालतो, वस्त्रें नेसवितो, झुल्यावर बसवितो. मूर्तीच्या हातून चूक घडवीत नाहीं.

आमच्या इंग्रजीच्या वर्गांत फॉल्स्टाफ शिकवितांना एक आख्यायिका सांगतात. एलिझाबेथ राणीला तो ढेरपोट्या इतका आवडला कीं तो प्रेमांत पडलेला दाखवा अशी तिनें इच्छा केली, आणि शेक्सपिअरनें ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ लिहिलें. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या नाटकांतला फॉल्स्टाफ हा नांवानें आणि पोटानें तोच आहे. ‘हेन्री चौथा’ मधल्या फॉल्स्टाफचा जीव त्यांत नाहीं. चाहत्यांच्या मागणीवरून पात्र पुन्हां उभें केलें कीं हें असें होण्याचा संभव फार, मग मागणारी राणी असो कीं ब्रोनी. शेक्सपिअरसारखा कारागीरहि तेथें वांचला नाहीं!

येथें मालिकेची वकिली मीं घेतली आहे, असा समज होऊं नये. तिचीं पापें थोडीं नाहींत. १६ फेब्रुवारी २०१३ च्या भागांत ट्वायलाइटला पंख फुटले आणि ती राजकन्या झाली. चाहत्यांत हाहाकार उडाला. त्या हाहाकारांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या, आणि त्या निवडून ठेवल्या पाहिजेत. पंख बक्षिसासारखे मिळाले, बावीसएक मिनिटांच्या एका भागांत, गाण्यांच्या गर्दींत, कसलीहि किंमत न देतां; शिवाय पंख असलेलें नवें खेळणें म्हणजे नवी विक्री, हें कळावयास अर्थशास्त्राची पदवी नको. एवढ्यापुरते चाहते बरोबर होते. परंतु पुष्कळांचा राग पंख फुकट मिळाल्याबद्दल नव्हता. ती बदलली ह्याबद्दल होता. आमची ग्रंथपालीण आम्हांला परत द्या, असा तो टाहो. तोच टाहो चार वर्षांनीं घरीं आलेल्या मुलीकडे पाहून आयाहि फोडतात. आणि पुढें मालिकेनें त्या पंखांचें थोडें ऋण फेडलें, हेंहि सांगितलें पाहिजे. ट्वायलाइटचें पुस्तकघर नष्ट झालें, शिष्येची गुरु झाली, आणि शेवटच्या हंगामाच्या आरंभीं सेलेस्टियानें राज्य सोंपवितों म्हणतांच तिला पुन्हां तोच जुना घाबरेपणा आला. जित्याची खोड! पण आतां त्या खोडीला नांव ठेवावयास ती स्वतःच शिकली होती.

स्टारलाइट ग्लिमरच्या बाबतींत मात्र मालिकेला क्षमा नाहीं. २०१५ च्या एप्रिलमध्यें ती आली तेव्हां एका गांवांतल्या सगळ्यांचीं गुणचिन्हें काढून घेऊन, समतेच्या नांवाखालीं त्यांना एका सांच्याचें करणारी ती हुकूमशहा होती. ह्या मालिकेंतली ही सर्वांत बुद्धिमान कल्पना! आणि नोव्हेंबरांत, लहानपणीं एक मित्र दुरावला एवढ्या कारणावरून, एका संवादांत तिचें हृदयपरिवर्तन! कीर्तनांत वाल्याचा वाल्मीकि व्हावयासहि अंगावर वारूळ वाढावें लागतें.

चाहत्यांच्याहि पदरांत एक गुण टाकतों. मालिकेच्या अगदीं पहिल्या भागांत गर्दींत एक करडी घोडी दिसते. तिचे डोळे चित्र काढणाराच्या गमतीनें किंवा चुकीनें दोन दिशांना गेलेले. चाहत्यांनीं तिला ‘डर्पी’ नांव दिलें, स्वभाव दिला, गोष्टी दिल्या. जानेवारी २०१२ मध्यें मालिकेनें तिला त्या नांवानें हांकहि मारली. पुढें अपंगांची थट्टा होते अशी तक्रार आल्यावर तिचें नांव काढलें व आवाज बदलला. तरीहि जून २०१५ मधला शंभरावा भाग अशाच गर्दींतल्या पात्रांसाठीं दिला गेला. म्हणजे चाहते पात्र घडवूं शकतात, ह्यांत शंका नाहीं. जेथें कांहींच नव्हतें तेथें त्यांचा हात मोकळा असतो. जेथें मूर्ति आधींच बसलेली असते तेथें तो जोडला जातो.

ह्याचा उत्तम पुरावा त्या खेळाच्याच पुढच्या इतिहासांत आहे. ट्वायलाइटला पंख फुटले त्याच फेब्रुवारींत कंपनीनें मेन सिक्सना कायदेशीर नोटीस देऊन खेळ बंद पाडला. पात्रें कंपनीचीं, कायदा तिच्या बाजूचा. पण दोन वर्षें बिनमोल खपलेल्या प्रेमिकांना असें हांकलून देणें हा क्षुद्रपणा होता, आणि तो क्षुद्रपणाच म्हणावा. मग झालें तें विलक्षण. मालिका घडविणाऱ्या फाउस्टबाईंनीं ती तोंपर्यंत सोडलेली होती. त्यांनीं ह्या हौशी मंडळींना अगदीं नवीं पात्रें रेखाटून देऊं केलीं. (ह्या बाईंचें आडनांव गटेच्या नायकाचें, पण सैतानाशीं करार करून बसलेले लोक ह्या कथेंत दुसरेच आहेत.) लोकवर्गणी २०१५ त जमली, आणि ‘देम्स फाइटिन हर्ड्स’ ह्या नांवानें खेळ ३० एप्रिल २०२० रोजीं पूर्णपणें विक्रीला आला. तट्टें गेलीं, त्यांच्या जागीं कालवड, रेनडियर, अल्पाका आणि एक कोंकरूं आलें.

त्या कोंकराचें नांव पॉम. फ्लटरशायची जागा तिची, हें पाहतांच कळतें: तीच भीति, तेंच अंग चोरून उभें राहणें. पण पॉम लढते कशी ? स्वतः फारशी लढतच नाहीं. ती कुत्र्यांना बोलावते. लहान पिलें, मोठीं कुत्रीं. आणि तीं तिच्यासाठीं दांत विचकून धांवतात. मेंढरांना राखणारीं कुत्रीं एका कोंकराच्या हुकमांत! मी हा खेळ बघत बसलों होतों आणि एकाएकीं अस्वस्थ झालों. भित्र्या माणसाच्या हातीं दुसऱ्याचे दांत आले म्हणजे काय होतें, हें आपण घरांत, कचेरींत, राज्यकारभारांत रोज पाहतों. फ्लटरशायच्या बाबतींत हें सुचविण्याची कोणा भक्ताची प्राज्ञा नव्हती. देवता काढून घेतली तेव्हां त्याच हातांनीं हें केलें.

निबंधकाराला हवा तो पुरावा येथें होता, आणि त्यानें तो पाहिलाच नाहीं. त्याच्या निबंधांत पॉम एका वाक्यांत संपली, फ्लटरशायची नक्कल म्हणून. तरीहि घाई नको. पॉम हें बीज आहे. ह्या खेळाला कथेचा एक स्वतंत्र विभाग आहे. त्यांत पात्रें हिंडतात, बोलतात. पण त्याचा एकच अध्याय निघाला, तो अ‍ॅरिझोना नांवाच्या कालवडीचा. कुत्र्यांनीं एकाद्याला फाडल्यावर पॉम काय करते, रात्रीं झोंपते कीं नाहीं, दुसऱ्या दिवशीं पुन्हां हांक मारते कीं नाहीं, हें कोणींच लिहिलें नाहीं. स्वभाव दिसला, त्याचा परिपोष व्हावयाचा राहून गेला.

माझा राग कशावर आहे हें आतां वाचकांच्या ध्यानीं आलें असेल. हरिभाऊंची कादंबरी वाचून आलेल्या मुलांना मी यमूविषयीं विचारतों, तेव्हां गेल्या कांहीं वर्षांत मला यादी मिळते. सोशिक, हळवी, प्रेमळ. पुठ्ठ्यावरचें चिन्ह! ती आरंभीं कोण होती, शेवटीं कोण झाली, मध्यें काय गमावलें, हें विचारलें कीं वर्ग गप्प. आणि एकाद्या पात्रानें अनपेक्षित वाईट कृत्य केलें, तर तें ‘तिच्या स्वभावांत बसत नाहीं’ म्हणून खोडून टाकण्याकडे कल. आपल्या स्वभावांत न बसणारें कृत्य ज्यानें कधींच केलें नाहीं असा माणूस मीं पन्नास वर्षांत पाहिला नाहीं. आरशांत तर नाहींच नाहीं.

निबंधकाराशीं माझें भांडण आहे, वैर नाहीं. तो स्वतः दोन मित्रांना घेऊन फ्लटरशायवर एक लहान खेळ करीत आहे. हाणामारीचा नव्हे, हिंडण्या-बोलण्याचा. श्रावणांत तो घरीं आला, खेळ दाखविला. तिचें झोपडें, ससा, बाजार. सगळें जिव्हाळ्यानें काढलेलें. मीं विचारलें, “आयर्न विलचा दिवस ह्यांत कोठें आहे ?”

“तो घेतला नाहीं, सर. ती तशी नाहीं.”

“मग पिंकी पायला रडविलें कोणीं ?”

“लेखकांनीं,” तो म्हणाला.

ह्यावर आमचें तासभर वाजलें. दिवाळीनंतर तो पुन्हां आला, कांहीं न बोलतां संगणक माझ्यापुढें ठेवला. झोपड्याच्या पायवाटेवर पिंकी पाय उभी होती, समजूत घालावयास आलेली. तिच्याखालीं दोन उत्तरें लिहिलीं होतीं. एक गोड होतें, पण तें पुसट केलेलें. निवडतां येत नव्हतें. दुसरें एवढें टोंचणारें होतें कीं येथें लिहवत नाहीं.

“दाबा, सर,” तो म्हणाला.

मला तें लवकर दाबवेना. चहा निवून गेला. तो खिडकीकडे पाहत उभा राहिला होता. मग मीं दाबलें.